दिवसा नकळत दात आवळून धरायची सवय कुणी मोडली आहे का?

ओलेकाजू
नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यात आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. बी वाफवणं, कापणं, सोलणं गावातल्या बायका करतात, गराची प्रतवारी मी स्वतः करते. ट्रे समोर ओढायचा, २४० वेगळा, ३२० वेगळा (हे गराच्या आकाराचे नंबर), पाकळी, तुकडा, करपलेला असे भाग करायचे. नजर गरावर आणि दात दातांवर! दुपारी जेवायला उठते तेव्हा कळतं की कानशिलं ठणकताहेत, आणि भाकरीचा पहिला घास चावतानाच जबडा दमलेला असतो.

दातांच्या डॉक्टरांनी जिभेच्या कडेवरचे दातांचे ठसे दाखवले. गालाच्या आत पांढरी रेघ उमटली आहे आणि एका दाढेतल्या सिमेंटचा टवका उडालाय. रात्री दात खात असाल म्हणून नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, दिलं. पण घरच्यांना रात्री कधी आवाज आलेला नाही, आणि सकाळी माझा जबडा अगदी मोकळा असतो. दुखणं सगळं कामाला बसल्यानंतरचं. म्हणजे हा दिवसाचाच प्रकार.

प्रश्न असा की जे करताना आपल्याला कळतच नाही, ते थांबवायचं कसं? ज्यांची ही सवय गेली त्यांनी नेमकं काय केलं ते सविस्तर सांगा. "टेन्शन घेऊ नको" हे घरातल्या सगळ्यांचं सांगून झालंय.

हापूसबाग
ताई, तरी मी तेच सांगणार. आमच्याकडे मोहोर यायला लागल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत माझा जबडा आवळलेला असतो. मोहोर आला की तुडतुडा, मग थ्रिप्स, मग अवकाळी पाऊस, मग भाव. पावसाळा लागला की आपोआप सुटतो. मुळात काळजी आहे, दात हे तिचं टोक. काळजी कमी झाल्याशिवाय बाकीचे उपाय वरवरचे, हे माझं ठाम मत.

रापणकर
माका पण ह्या आसा. जाळा दुरुस्त करताना सुतळेचा टोक दातात धरूची सवय, आमच्या सगळ्यांचीच. पण सुतळ सोडल्यार पण दात तसेच रवतत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा दिवसभर जाळीच शिवतंय, आणि तेव्हाच कान दुखता. हापूसबाग, बंदीत माका काळजी कमी आसता आणि दुखणा जास्त. ह्याचा काय करतलास?

अबोलीचा_वळेसर
रापणकर दादांशी सहमत. मी देवळाबाहेर फुलं विकते. वळेसर गुंफताना मला कसलीही काळजी नसते, उलट तो माझा दिवसातला सगळ्यात शांत वेळ. तरी अबोलीचा नाजूक देठ चिमटीत धरून दोऱ्याचा फास घालायचा क्षण आला की दात एकमेकांवर बसतात. पुढचं फूल, पुन्हा तेच. सुईत दोरा ओवणाऱ्या कुणाकडेही बघा, ओठ मिटून जबडा घट्ट. हे बारीक कामात मन लागल्याचं आहे, दर वेळी टेन्शन कुठून येणार?

दाढदुखी
मी दंतवैद्य आहे, सिंधुदुर्गातच. धागा बघून राहवलं नाही, जरा लांबण लावतो.

झोपेतलं दात खाणं आणि जागेपणीचं दात आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ साली एकमताने त्यांच्या व्याख्याच वेगळ्या केल्या, आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात याला रोग न म्हणता स्नायूंचं वर्तन म्हणा असं सांगितलं. झोपेतलं मेंदूच्या झोपेच्या चक्राशी जोडलेलं असतं, तुमच्या हातात नसतं. जागेपणीचं हातात येऊ शकतं. नाईट गार्ड रात्री दातांची झीज वाचवतं. दिवसाच्या सवयीला त्याचा काही उपयोग नाही.

आता बऱ्याच जणांना नवल वाटेल अशी गोष्ट. तोंड मिटलेलं असतानाही वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत. मध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. चावणं आणि गिळणं धरूनसुद्धा चोवीस तासांत दात दातांना मिळून जेमतेम १५-२० मिनिटं टेकतात. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या कितीतरी लोकांना वाटतं की तोंड मिटलं म्हणजे दात मिटले. जोर लावून आवळायलाच हवं असंही नाही. नुसते हलके टेकवून ठेवले तरी चावण्याचे स्नायू ताणलेले राहतात, आणि तासन्‌तास तसं राहिलं की दुखतात.

बोटं गालाच्या मागच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दात आवळा. टणक गोळा वर येतो ना? तो एक स्नायू. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला. ओलेकाजूताईंची कानशिलं ठणकतात ती त्याच्यामुळे.

हापूसबाग
डॉक्टर, मग काळजीचा काहीच संबंध नाही म्हणता?

दाढदुखी
संबंध आहे, नक्की आहे. काळजी, राग, घाई यांनी वाढतं. पण अबोलीताई म्हणतात तेही खरं, एकाग्रतेतही होतं. तुमच्या बागेत दोन्ही एकदम आहेत. आणि काळजी संपायची वाट बघायची गरज नाही. सवय मोडायची पद्धत मानसशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच नीट मांडून ठेवली आहे. नखं खाणं, मान झटकणं अशा सवयींवर ती वापरत. आधी सवय पकडायला शिकायचं, मग तिच्या जागी तिच्याबरोबर होऊच शकणार नाही अशी दुसरी कृती बसवायची. दातांसाठी ती कृती म्हणजे ओठ हलके मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेलं. "न" म्हणताना जीभ जिथे लागते, तिथेच. जीभ तशी ठेवून जबडा सैल सोडला की आवळणं जमत नाही, करून बघा.

बंदरावरची_मनी
हे वाचता वाचता किती जणांनी दात सोडले? हात वर करा.

तांबडी_एसटी
🙋 दोन्ही हात वर, गाडी उभी आहे.

ओलेकाजू
डॉक्टर, मनापासून आभार. जीभ टाळूला लावून बघितली, खरंच जबडा सुटतो. पण ट्रे पुढे आला की पुन्हा गाडी मूळ पदावर. "आधी पकडायला शिकायचं" हेच तर अडतंय!

मास्तरीणबाई_गुहागर
मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी सवय गेली आहे, म्हणून लिहिते.

वहीवर, फळ्याच्या कडेला, मोबाईलच्या मागे, स्वयंपाकघरात कुकरच्या वरच्या फळीवर मी टिकल्या चिकटवल्या. साध्या लाल टिकल्या, पाकिटातल्या. टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघायचं, टेकलेले असतील तर श्वास सोडत सोडायचे, बस्स. जपानमधले दंतवैद्य रुग्णांना अशाच चिठ्ठ्या घरभर लावायला सांगतात असं वाचलं होतं, चिठ्ठीच्या जागी मी टिकली आणली.

यात दोन गोष्टी कळल्या. टिकली एकाच जागी राहिली की नजर तिला ओळखेनाशी होते, म्हणून जागा बदलत राहायचं. आणि टिकली नुसती दिसेल अशी नको, जिथे आपण आवळतो तिथेच हवी. देवघराजवळच्या टिकलीचा मला शून्य उपयोग झाला, तिथे माझे दात सुटेच असायचे. पेपर तपासायच्या लाल पेनावरच्या टिकलीने काम केलं. पुढे पुढे पेन हातात घेतलं की टिकलीशिवायच जबडा सुटायला लागला.

अबोलीचा_वळेसर
बाई, किती सोपं! मी दोऱ्याच्या रिळावर लावते आजच.

तांबडी_एसटी
आता गाडी डेपोत लागली, सविस्तर लिहितो. मी चालक आहे, मुंबईकडच्या गाड्या करतो. टिकली काचेवर लावून चालणार नाही, आणि रस्त्यावरून नजर हलवायचीच नाही. म्हणून मी कानाला कामाला लावलं. कंडक्टरने घंटी मारली की जबडा सोडायचा. एक घंटी, थांबायचं, दात सुटे. दोन घंट्या, निघायचं, दात सुटे. लोकल फेरीला गाडी थांब्याथांब्याला थांबते, त्यामुळे आठवण ढिगाने होते. लांब पल्ल्याला घंटी कमी, तिथे गिअर. कशेडी किंवा परशुराम घाटात गिअर बदलताना खांदे वर आणि दात घट्ट असायचे. क्लच सोडताना खांदे आणि जबडा एकदम खाली सोडायचे. आता पाय क्लचवरून उठला की तोंड आपोआप सैल पडतं. मान दुखायची तीही बरीच कमी झाली.

दाढदुखी
तांबडी_एसटी, फार छान. घंटी हा उत्तम इशारा आहे. दिवसातून अनेकदा येतो, आपण ठरवून आणावा लागत नाही आणि कामाच्या मधोमध येतो. याच कामासाठी मोबाईलची ॲपही निघाली आहेत, दिवसातून अनेक वेळा विचारतात, आत्ता दात कुठे आहेत? पण ज्याच्या कामातच ठोका आहे त्याला ॲप नको.

कोकणकन्या_एस४
मधेच विचारते. माझ्या मावसबहिणीने मुंबईत जबड्यात बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं. म्हणते, दुखणं गेलं. मग एवढी टिकल्या-घंट्यांची खटपट कशाला?

दाढदुखी
बोटॉक्सने स्नायूची ताकद काही महिने कमी होते. वेदना फार असतील तर कुणाकुणाला त्याचा आधार होतो, मी नाही म्हणत नाही. पण दात टेकवायचा हुकूम मेंदूतून येतो, तो तसाच राहतो. औषधाचा अंमल उतरला की स्नायू पुन्हा कामाला लागतो. शिवाय खर्च, आणि पुन्हा पुन्हा टोचणं. आधी फुकटचा उपाय मन लावून करून बघावा.

बंदरावरची_मनी
आणि सुपारी? माझे आजोबा पानसुपारीशिवाय अर्धा तास राहत नसत. त्यांचा जबडा कातळासारखा होता, कधी दुखला नाही म्हणत.

हापूसबाग
आमच्याकडे खाजं आणि कडक बुंदीचे लाडू जत्रेतून पोत्याने यायचे. तेव्हाच्या लोकांचे दातच वेगळे. दशावतार संपेपर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत, चघळत बसायचे.

मास्तरीणबाई_गुहागर
खाजं आवळून नाही, चोखून खायचं असतं हो! आलं-गुळाचा पाक आधी विरघळू द्यायचा.

पेंडूरचो_झील
खाजा चोखून खातत? बाई, तुमी गुहागरच्या, सोडून दिलंय. मालवणात येवा, दाखवतंय.

दाढदुखी
खाज्याच्या भांडणात मी पडत नाही. सुपारीचं मात्र गंभीरपणे घ्या. दिवसभर सुपारी किंवा च्युइंगम चघळणं म्हणजे आधीच दमलेल्या स्नायूंना जादा पाळी लावणं, जबडा दुखत असेल तर दोन्ही बंद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्या कुणाचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट लागलं की आग होत असेल, गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ लागत असेल, तर त्याला दात आवळल्याचा परिणाम समजून बसू नका. सुपारीमुळे होणारा तो वेगळा आजार आहे आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. आपली स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर लगेच दाखवा. माझ्याकडे अशी तरुण पोरं येतात, जीव तुटतो.

पेंडूरचो_झील
बोटा घालून बघितलंय. तीन जातत. मावा सोडूचो विचार करतंय, खरा सांगतंय.

दाढदुखी
विचार नको, आजपासून सोडा. आणि तोंड एकदा दाखवून जा.

निळी_छत्री
पहिल्यांदाच लिहितेय. मला नैराश्यासाठी गोळ्या सुरू झाल्या आणि त्यानंतर दिवसा दात आवळणं सुरू झालं. आधी नव्हतं. गोळ्यांनी असं होतं का? घरचे म्हणतात बंद कर.

दाढदुखी
होऊ शकतं. त्या गटातल्या काही गोळ्यांनी काही जणांना असा त्रास होतो, ही माहीत असलेली गोष्ट आहे. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अचानक बंद केल्याचा त्रास वेगळा आणि मूळ आजार उलटण्याचा धोका वेगळा. ज्यांनी लिहून दिली त्यांना हेच शब्द जसेच्या तसे सांगा. मात्रा किंवा औषध बदलून बघता येतं. तोवर चहा-कॉफी थोडी कमी करा, आणि जिभेची कृती आहेच.

निळी_छत्री
खूप धीर आला. उद्याच फोन करते.

मास्तरीणबाई_गुहागर
निळी_छत्री, फोन केलात की इथे कळवा. वाट बघतेय.

बुवा_पखवाजवाले
मी भजनी मंडळात गातो. गाणाऱ्याला सैल जबड्याची ओळख असते, वादकाला नसते. आमचा पेटीवाला अवघड तान आली की दात आवळतो, मी त्याच्या कानशिलाची शीर बघून ओळखतो. त्याला मी हे शिकवलं: ओठ मिटायचे, दात सुटे ठेवायचे, आणि खालच्या सुरात "म्‌ऽऽ" असा गुंजारव करायचा. ओठांना गुदगुल्या झाल्या तर जबडा सुटलेला आहे. दात टेकलेले असतील तर दातांवर झिणझिण येते, लगेच कळतं. काम करताना अधूनमधून एखादी ओळ गुणगुणली तरी चालतं. ओलेकाजूताई, प्रतवारी करताना गुणगुणून बघा. आमच्या आया-आज्या जात्यावर ओव्या गायच्या तेव्हा दात आवळायला सवडच नव्हती.

रापणकर
बुवानू, ह्या बेस सांगितलास. जाळा शिवताना आमी रेडियो लावतंव, आता मीच गातंय. शेजारी पळतले, पळांदेत.

पावसाळी_दमा
ओठ मिटा म्हणता, पण माझं नाक पावसाळाभर चोंदलेलं. घरात ओल, भिंतींना बुरशी. ओठ मिटले की श्वास अडतो आणि मी उलट जास्त आवळते.

दाढदुखी
मग आधी नाकाचं बघा. नाक मोकळं नसताना ओठ जबरदस्तीने मिटू नका, ओठ किंचित उघडे राहिले तरी हरकत नाही. दात सुटे आणि जीभ वर, एवढं पुरे.

ओलेकाजू
मंडळी, एवढ्यात काय झालं ते सांगते.

टिकली आधी ट्रेच्या कडेला लावली. दिसायची, पण मी ट्रेकडे बघतच नसते, मी गराकडे बघते. मग मास्तरीणबाईंचं वाक्य आठवलं, जिथे आवळतो तिथेच हवी. मी नेमकी कधी आवळते हे बघायला सुरुवात केली. गंमत म्हणजे सगळा वेळ नाही! सरळसरळ ३२० आहे हे दिसतं तेव्हा दात सुटे असतात. २४० की ३२०, अख्खा की कडेला टवका गेलेला, असा संशय आला की हात थांबतो, गर बोटांत फिरतो, आणि त्याच क्षणी दात बसतात. दुसरी जागा वजनकाट्याची. आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून, दात धरून उभी.

म्हणून संशयाचा गर टाकायला एक वेगळी वाटी ठेवली. ठरवायचं नाही, वाटीत टाकायचं, टाकताना श्वास सोडायचा आणि जीभ वर. वाटी भरली की सगळे एकदम उजेडात नेऊन ठरवते. काम मंदावेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. टिकली आता वजनकाट्याच्या आकड्यांशेजारी आहे. दुपारची कानशिलं बरीच शांत असतात, घास सुखाने चावता येतो. पूर्ण गेलं असं नाही म्हणणार.

एक शंका राहिली. डाव्या कानाच्या पुढे अजून दुखतं, आणि टवका उडालेल्या दाढेत चावून सोडताना कळ येते.

दाढदुखी
ताई, वाटीची कल्पना मी माझ्या रुग्णांना सांगणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरतो.

कानाच्या पुढे जबड्याचा सांधा असतो, स्नायू दमले की तिथे दुखतं. गरम पाण्यात पिळलेला पंचा दहा-पंधरा मिनिटं शेकायला ठेवा, जांभई देताना हनुवटीखाली हात धरा, काही दिवस चिवट आणि कडक खाणं टाळा. जबडा अडकत असेल, तोंड कमी उघडत असेल तर दाखवा.

दाढेचं मात्र लांबवू नका. चावताना नाही तर सोडताना कळ येते, हे दाढेला चीर गेल्याचं लक्षण असू शकतं. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ वाचवणं कठीण. पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला याल तेव्हा दाखवाच.

सगळ्यांसाठी आणखी एक. चढ चढताना, कष्टाचं काम करताना जबड्यात दुखून येत असेल, थांबल्यावर कमी होत असेल, सोबत घाम, धाप, छातीत किंवा हातात जडपणा असेल, तर दात बघत बसू नका. हृदयाचं दुखणं जबड्यात उमटतं. थेट दवाखान्यात.

हापूसबाग
हे शेवटचं वाचून वडिलांना विचारलं. त्यांना बागेचा चढ चढताना जबडा भरून येतो म्हणतात, आणि ते दाढेवर लवंग धरून बसलेत. आजच तालुक्याला नेतो.

अबोलीचा_वळेसर
दादा, चालत नेऊ नका, गाडी करा. आणि काय झालं ते नक्की लिहा.

माडाखालची_आजी
नातीकडून टंकून घेतेय. तुमच्या सगळ्यांचं वाचलं. एक राहिलं. मी दात सोडायचं शिकले तेव्हा सुरुवातीला जबडा खाली ओढूनच धरत होते. दिवसभर ओढून धरला आणि संध्याकाळी हनुवटीखाली दुखायला लागलं. ओढायचा नसतो, सोडायचा असतो. आणि आवळलेला सापडला की स्वतःला बोल लावू नये. सापडला म्हणजे लक्ष गेलं, हेच तर हवंय. "पुन्हा केलंस!" असं स्वतःला म्हटलं की दात आणखीच बसतात.

दाढदुखी
आजी, हे मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं असं वाटावं इतकं नेमकं आहे. दिवसातून कितीही वेळा सापडो, दर वेळी तेच करायचं. सुरुवातीला उलट जास्त वेळा सापडतं, त्याने घाबरू नका.

हापूसबाग
वडिलांचा कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय, पुढच्या तपासण्यांसाठी रत्नागिरीला न्यायचं ठरतंय. वेळेवर आणलंत म्हणाले. डॉक्टर, ओलेकाजूताई, आत्ता जास्त लिहिता येत नाही. बाहेर बाकावर बसलोय, जीभ टाळूला लावून.

ओलेकाजू
दादा, काकांना सांभाळा, बाकी सगळं नंतर. रत्नागिरीत राहायची सोय लागली तर सांगा, माझी बहीण तिथेच असते. आणि डॉक्टर, बुधवारी दाढ दाखवायला निघतेय.